पेलेटची शेगडी : राख वेळेवर का काढावी?

चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात रात्रीची झाकपाक झाली की एक काम उरत असे. चुलीतले दोन-चार जाड निखारे मागे सारायचे आणि त्यांच्यावर राख ओढून ठेवायची. पहाटे ती राख बाजूला केली आणि फुंकणीने फुंकर मारली की विस्तव पुन्हा फुलायचा. काडी ओढावी लागत नसे. रात्रभर निखारा जिवंत कसा राहिला? राखेच्या थराने दोन गोष्टी केल्या. बाहेरची हवा निखाऱ्यापर्यंत फारशी पोचू दिली नाही, म्हणून तो भराभर जळून संपला नाही. आणि निखाऱ्याची उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, म्हणून तो विझण्याइतका थंडही झाला नाही. राख हवा अडवते आणि राख उष्णता अडवते. तिचे हे दोन गुण आपल्या घरच्या बायकांना पुस्तक न वाचता ठाऊक होते.

या लेखात आपण अशा एका उपकरणाचा विचार करणार आहोत, की ज्यात राखेचे नेमके हेच दोन गुण दोष ठरतात. ते उपकरण म्हणजे थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी वापरली जाणारी पेलेटची शेगडी. अमेरिका, कॅनडा, इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी या देशांत ती अनेक घरांत दिसते. त्या देशांत राहणाऱ्या मुला-नातवंडांकडून काही वाचकांनी तिचे नावही ऐकले असेल. आपल्याला तिची घरात गरज पडणार नाही. परंतु ज्वलन, हवा आणि राख यांचे नाते समजून घेण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पेलेट म्हणजे काय?

लाकूड कापण्याच्या गिरण्यांत भुशाचे ढीग साचतात. हा भुसा वाळवून, बारीक करून, पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने ढकलला, की त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आखूड कांड्या बाहेर पडतात. याच पेलेट. युरोपात त्यांचा व्यास ६ किंवा ८ मिलिमीटर ठेवतात. त्यांना जोडायला डिंक लागत नाही. दाबाने निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे लाकडातील लिग्निन हा पदार्थ मऊ होतो आणि थंड झाल्यावर तोच भुशाला घट्ट धरून ठेवतो. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चांगल्या पेलेटमध्ये पाणी १० टक्क्यांहून कमी असते. पाणी उकळण्यात उष्णता वाया जात नाही, म्हणून पेलेट स्वच्छ आणि प्रखर जळतात.

१९७३ साली खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा पाश्चात्त्य देशांत पर्यायी इंधनांचा शोध जोरात सुरू झाला. पेलेट आधी कारखान्यांच्या भट्ट्यांत वापरल्या गेल्या. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील जेरी व्हिटफील्ड या अभियंत्याने त्यांच्यासाठी घरगुती शेगडी विकसित केली. ते पूर्वी बोइंग या विमान कंपनीत काम करीत होते.

शेगडी चालते कशी?

पेरणीच्या पाभरीला वर चाडे असते, त्यातून बी सरकत खाली येते. पेलेटच्या शेगडीतही मागच्या बाजूला असेच एक मोठे चाडे असते. त्यात पिशवीभर पेलेट ओततात. चाड्याच्या तळाशी एक मळसूत्र असते. छोटी विजेची मोटर ते सावकाश फिरवते आणि मोजक्या पेलेट एका पोलादी ज्वलनपात्रात पडत राहतात. या पात्राच्या तळाला आणि बाजूंना भोके असतात. धुराड्याच्या तोंडाशी बसवलेला पंखा आतील वायू बाहेर ओढतो, त्यामुळे आतला दाब खोलीतील दाबापेक्षा किंचित कमी होतो आणि ताजी हवा त्या भोकांतून आत शिरते. म्हणजे फुंकणीचे काम इथे पंखा करतो. फक्त फुंकण्याऐवजी ओढून करतो. दुसरा एक पंखा खोलीतील हवा गरम नळ्यांवरून फिरवतो आणि ऊब खोलीत पसरते. हे दोन्ही हवेचे प्रवाह वेगळे असतात. ते कधीही एकमेकांत मिसळता कामा नयेत.

चाडे भरले, बटण दाबले, की शेगडी दिवसभर आपली आपण चालते. या सोयीमुळेच तिच्या मालकाला वाटू लागते, की आता आपल्याला काही करायचे उरलेले नाही. खरी अडचण इथेच सुरू होते.

थोडे गणित : हवा किती, राख किती?

कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण ५० टक्के कार्बन, ६ टक्के हायड्रोजन आणि ४३ टक्के प्राणवायू असतो. एक किलो लाकूड घेऊ. त्यातील अर्धा किलो कार्बन पूर्ण जळण्यासाठी सुमारे १.३३ किलो आणि ६० ग्रॅम हायड्रोजनसाठी ०.४८ किलो प्राणवायू लागतो. लाकडात मुळातच असलेला ०.४३ किलो वजा केला, तर बाहेरून सुमारे १.३८ किलो प्राणवायू आणावा लागेल. हवेच्या वजनात प्राणवायू सुमारे २३ टक्के असतो. म्हणजे एक किलो लाकडाला किमान ६ किलो हवा हवी. तिचे आकारमान साधारण ५ घनमीटर भरते. प्रत्येक कणाला हवा मिळावी म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक हवा सोडावी लागते.

शेगडीत दिवसाला १८ किलोची एक पिशवी जळते असे धरू. दुप्पट हवेच्या हिशेबाने दिवसाला १८० घनमीटर हवा लागेल. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच वर्गखोलीत १६८ घनमीटर हवा मावते. म्हणजे एका मोठ्या वर्गखोलीतील हवेहून थोडी जास्तच हवा रोज त्या शेगडीतून गेली पाहिजे, आणि तिचा मोठा भाग ज्वलनपात्राच्या लहान लहान भोकांतून.

आता राख पाहू. युरोपातील मानकांनुसार उत्तम प्रतीच्या पेलेटमध्ये राखेचे प्रमाण ०.७ टक्क्यांपर्यंत चालते, तर घरगुती वापराच्या सर्वांत खालच्या प्रतीत २ टक्क्यांपर्यंत. उत्तम प्रतीच्या १८ किलोंतून १२६ ग्रॅम राख निघेल. खालच्या प्रतीतून ३६० ग्रॅम. एका हिवाळ्यात दोन टन पेलेट जळल्या, तर ही राख अनुक्रमे १४ किलो आणि ४० किलो भरते. टक्केवारीत नगण्य वाटणारा आकडा हंगामाच्या शेवटी गोणीभर होतो. ही राख जाणार कुठे? काही ज्वलनपात्रात, काही खालच्या खणात, आणि उरलेली वाऱ्याबरोबर उडून नळ्यांवर, पंख्याच्या पात्यांवर व धुराड्याच्या वळणांत.

पहिला दोष : हवा अडते

ज्वलनपात्राची भोके राखेने बुजू लागली की आत शिरणारी हवा कमी होते. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. चुलीत हवा कमी पडली तर आपण लाकूड मागे ओढतो. साध्या नियंत्रणाच्या शेगडीतील मळसूत्राला मात्र याची कल्पना नसते. ते ठरलेल्या वेगाने पेलेट टाकतच राहते. त्या पुऱ्या जळत नाहीत, त्यांचा ढीग वाढतो, ढिगाखाली आणखी भोके झाकली जातात आणि हवा आणखी कमी होते. हवा कमी झाल्याने काजळी वाढते, काजळी पुढच्या वाटा अरुंद करते आणि पंख्याची ओढ मंदावते. प्रत्येक परिणाम आपल्याच कारणाला बळ देतो. अशा दुष्टचक्रात सुरुवातीचे दिवस काहीच बिघडलेले दिसत नाही. नंतर मात्र बिघाड झपाट्याने वाढतो.

अपुऱ्या हवेत केवळ आग लहान होते असे नाही, तर तिची जातच बदलते. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला, तर ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. तोच कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला, तर फक्त १११ किलोज्यूल. म्हणजे तेवढ्याच कार्बनमागे उष्णता चौथ्या हिश्शाच्या आसपास आली, आणि वर विषारी वायू पदरात पडला.

याची लक्षणे काचेतून दिसतात. निरोगी ज्योत लखलखीत, चपळ आणि आखूड असते. हवा कमी पडलेली ज्योत लांब, केशरी, आळसट होते आणि तिच्या टोकाला काळे धागे दिसतात. काचेवर हलकी भुरी किंवा तपकिरी पूड बसणे स्वाभाविक आहे. परंतु काच काही तासांतच काळी होत असेल, तर ती शेगडीची तक्रार समजावी. नुसती काच पुसल्याने ती तक्रार मिटत नाही.

राख वितळते तेव्हा

काही वेळा ज्वलनपात्रात राखेऐवजी दगडासारखा कठीण, काचेरी गोळा तयार झालेला सापडतो. त्याला क्लिंकर म्हणतात. शुद्ध सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, वितळायला १७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. एवढे तापमान शेगडीत नसते. मग हा गोळा येतो कुठून? काच बनवताना वाळूत सोडा मिसळतात, त्यामुळे मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळते. लाकडाच्या राखेत सोड्याचे काम पोटॅशियमची संयुगे करतात. सालीबरोबर किंवा जमिनीवरून भुशात माती-वाळू आली असेल, तर सिलिका व पोटॅशियम एकत्र येऊन शेगडीच्या आचेवरच वितळतात आणि थिजताना भोकांत घट्ट बसतात. ही राख झाडून निघत नाही, खरवडून काढावी लागते. रोज खरवडली तर ती सहज सुटते. आठवडाभर राहिली तर छिन्नी शोधावी लागते.

दुसरा दोष : उष्णता अडते

आता राखेचा दुसरा गुण. नळ्यांच्या आतून किंवा भोवतालून तप्त वायू जातात आणि पत्र्यापलीकडे खोलीतील हवा असते. पोलाद उष्णता चटकन पलीकडे देते. परंतु भुसभुशीत राखेच्या थरात असंख्य कणांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे तिची उष्णतावाहकता पोलादाच्या मानाने शेकडो पटींनी कमी असते. निखाऱ्यावर ओढलेली राख ज्या कारणाने त्याची ऊब जपते, त्याच कारणाने नळीवर बसलेली राख खोलीची ऊब अडवते. ती उष्णता धुराड्यातून आकाशात जाते. खोली थंड वाटते म्हणून माणूस शेगडी एक अंश वाढवतो, जास्त पेलेट जळतात आणि जास्त राख तयार होते. पैसे जातात आणि थंडी राहते.

अमेरिकेत २०२० मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार नव्या लाकडी व पेलेट शेगड्यांतून तासाला सुमारे २ ग्रॅमपेक्षा अधिक सूक्ष्म कण बाहेर पडता कामा नयेत. ही चाचणी प्रयोगशाळेत, नीट राखलेल्या शेगडीवर होते. वर्षभर न झाडलेली शेगडी त्या आकड्याला बांधलेली नसते. उपकरणावर छापलेली कार्यक्षमता ही एक शक्यता आहे. ती खरी करणे वापरणाऱ्याच्या हाती असते.

जिवाचा प्रश्न

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. हवेत त्याचे थोडे प्रमाणही डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी आणते. झोपेतल्या माणसाला ते कळतही नाही. थंड देशांत हिवाळ्यात खिडक्या-दारे घट्ट बंद असतात, हे लक्षात घेतले म्हणजे धोक्याचे गांभीर्य समजेल.

शेगडी निर्दोष असेल तर आतला दाब कमी असल्याने खोलीतील हवा आत जाते, आतला वायू बाहेर येत नाही. धुराडे तुंबले, पंख्याची पाती राखेने जड झाली किंवा दाराभोवतीची उष्णतारोधक दोरी झिजली, की हा तोल बिघडतो. म्हणून शेगडीत दाब मोजणारी एक कळ बसवलेली असते. आतली ओढ कमी पडली तर ती पेलेटचा पुरवठा बंद करते. ऐन थंडीत शेगडी वारंवार बंद पडते म्हणून चिडून ही कळ बाजूला सारण्याचा मोह होतो. तसे करणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे. शिवाय वीज गेली की पंखा थांबतो. त्या वेळी धूर बाहेर काढण्याची जबाबदारी एकट्या धुराड्यावर येते आणि ते मोकळे नसेल तर धूर घरात उतरतो. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे.

आणखी एक धोका पेटवताना असतो. पहिल्या प्रयत्नात शेगडी पेटली नाही आणि पात्रात पेलेटचा ढीग धुमसत राहिला, तर आत ज्वलनशील वायू साठतो. मग एकाएकी ज्योत पकडली, तर तो भडकतो आणि काच फुटू शकते. म्हणून फसलेल्या प्रयत्नानंतर शेगडी थंड होऊ द्यावी, पात्र रिकामे करावे आणि मगच पुन्हा पेटवावे. अर्धवट जळलेल्या पेलेट परत चाड्यात कधीही टाकू नयेत.

निगा कशी राखावी?

प्रत्येक शेगडीसोबत तिची पुस्तिका असते आणि तिच्यातील सूचना प्रमाण मानाव्यात. सामान्य क्रम पुढीलप्रमाणे असतो.

रोज, शेगडी पूर्ण थंड असताना, ज्वलनपात्र खरवडून भोके मोकळी करावीत व काच पुसावी. आठवड्यातून एकदा राखेचा खण रिकामा करावा, ज्वलनकक्षाच्या भिंती झाडाव्यात आणि नळ्यांवरची राख पाडण्यासाठी दांडी असल्यास ती हलवावी. काही आठवड्यांनी चाडे पूर्ण रिकामे होऊ देऊन तळाची पूड काढावी. ही पूड साचली की मळसूत्रात इंधन अडकते. वर्षातून किमान एकदा, शक्यतो हंगाम सुरू होण्यापूर्वी, जाणकाराकडून पंखे, नळ्या, दाराची दोरी, दाबाच्या कळीची नळी आणि संपूर्ण धुराडे तपासून घ्यावे. धुराड्याच्या वळणांत राख अधिक साचते आणि बाहेरच्या तोंडाशी कधी पक्ष्याचे घरटेही सापडते. जर्मनीत धुराडी साफ करणाऱ्या कारागिरांचे काम कायद्याने ठरवून दिलेले आहे, आणि तिथे असा कारागीर दिसणे शुभ मानतात. साफ धुराडे म्हणजे आगीपासून वाचलेले घर, हा अनुभव त्या समजुतीमागे आहे.

काढलेली राख धातूच्या, झाकणाच्या बादलीतच ठेवावी आणि बादली घराबाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर. कागदी पिशवी किंवा घर झाडण्याचे साधे विजेचे यंत्र यासाठी मुळीच वापरू नये. कारण आपण सुरुवातीलाच पाहिले, की राखेखाली निखारा रात्रभर, कधी त्याहूनही अधिक काळ जिवंत राहतो.

इंधनाची साठवणही निगेतच येते. पेलेटला पाणी लागले की त्या फुगून पुन्हा भुसा होतात. शिवाय साठवलेल्या पेलेटमधूनही, त्या जळत नसताना, हळूहळू कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. २००६ साली स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट आणणाऱ्या एका जहाजावर याच कारणाने एका खलाशाचा मृत्यू झाला. दोन-चार पिशव्यांनी असा धोका होत नाही. मोठी बंद कोठी मात्र हवेशीर केल्याशिवाय तिच्यात उतरू नये.

आपल्याकडील संदर्भ

पेलेट आपल्यालाही अगदी अपरिचित नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेल्या संशोधनावर आधारलेली, छोट्या पंख्यावर चालणारी 'ऊर्जा' नावाची पेलेटची स्वयंपाकाची शेगडी २००६ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत विकली गेली. तिच्यासाठीच्या पेलेट शेतातील टाकाऊ मालापासून बनत. शेतमालाच्या अवशेषांत राख लाकडापेक्षा बरीच जास्त असते. भाताच्या तुसात तर वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राखच असते आणि तीही मुख्यतः सिलिका. म्हणून असे इंधन वापरणाऱ्या प्रत्येक भट्टीत आणि बॉयलरमध्ये राख काढण्याचा प्रश्न थंड देशांतील शेगडीपेक्षा अधिक कठीण होतो.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग : मेणबत्तीच्या ज्योतीच्या मधोमध स्टीलचा चमचा चिमट्याने काही सेकंद धरावा. त्यावर काजळी बसेल. दुसरा स्वच्छ चमचा ज्योतीच्या टोकापासून बराच वर धरावा. काजळी जवळजवळ बसणार नाही. ज्योतीच्या आत हवा अपुरी असते आणि वर ती पुरेशी मिळते, हा निष्कर्ष विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा.

दुसरा प्रयोग : शाळेच्या मोकळ्या पटांगणात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, वाळलेल्या लाकडाच्या ढलप्या १०० ग्रॅम आणि भाताचे तूस १०० ग्रॅम वेगवेगळ्या लोखंडी घमेल्यांत पूर्ण जाळावे. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर तोलावी. दोन आकड्यांमधील फरक विद्यार्थी विसरणार नाहीत. त्यावरून महिन्याला किती राख काढावी लागेल याचे त्रैराशिक त्यांच्याकडून करवून घ्यावे.

पेलेटच्या शेगडीने लाकडे फोडण्याचे, फुंकण्याचे आणि सारखे लक्ष ठेवण्याचे कष्ट वाचवले, हे खरे. राख काढण्याचे काम मात्र तिला माणसावरच सोपवावे लागले. इंधनातील जो भाग जळतच नाही, तो कोणीतरी बाहेर काढलाच पाहिजे. त्याशिवाय उरलेला भाग नीट जळणार नाही.